खिडकीबाहेरची खुर्ची

संभाजीनगरच्या दवाखान्यातून यांचा फोन आला, तेव्हा मी ओसरीतल्या खुर्चीवरची धूळ झटकत होते. यांनी नुसतं माझं नाव घेतलं, आणि मला कळलं. माधुरी गेली. माझी नणंद. पुण्याच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं तिनं रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काम केलं, आणि कॅन्सर झाला तोही त्याच पेशींचा. दीड महिना उलटला, तरी हे वाक्य लिहिताना मला संताप येतो. त्यातला बराचसा माझ्यावरच.

तिचं काम मला कळलं ते माझ्याच स्वयंपाकघरात. मोड आलेले मूग तिनं दोन वाट्यांत घेतले. एक वाटी आधी कोमट पाण्यात ठेवून बाहेर काढली, तिला थोडी उसंत दिली, मग दोन्ही वाट्यांत चांगलं कढत पाणी ओतलं. दोन दिवसांनी नुसत्या कढत पाण्यातले मोड लोळले होते, कोमट पाण्यातून गेलेले मात्र वाढत होते. थोडा चटका बसला की पेशी काही खास प्रथिनं बनवते, आतल्या बाकीच्या प्रथिनांची घडी मोडू लागली तर ती सावरून धरतात, असं तिनं सांगितलं. आजाराशी लढताना पांढऱ्या पेशी भराभर वाढतात, तेव्हा त्यांनाही हाच आधार लागतो, नाहीतर त्या अर्ध्या वाटेतच मरतात. "पण बिगडलेल्या पेशी बी याच आधारानं टिकतात, वहिनी. औषधालेही दाद देत नाहीत." मी म्हटलं, "म्हंजे राखणदार चोरालेही सांभाळून राह्यला?" ती खूप हसली. तेव्हा ती आजारी नव्हती...

औषधाची दुसरी फेरी झाल्यावर ती मेहकरला आमच्याकडे आली. चांगल्या पेशीही औषधानं मेल्या होत्या, त्या पुन्हा वाढायला वेळ हवा होता, तोवर साधी सर्दीही तिला झेपणार नव्हती. "मले पंधरा दिवस उसंत पाह्यजे. तोवर कोणाले आत येऊ देजो नोको," ती म्हणाली. आता आमच्याकडे माणूस आजारी पडलं की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि आलेल्याला दारातून परत पाठवणं म्हणजे सात पिढ्यांचं नातं तोडणं. म्हणून मी ओसरीत तिच्या खिडकीखाली खुर्ची मांडली. बोलायचं ते तिथूनच. जानेफळचे, डोणगावचे पाहुणे तोंड वाकडं करून का होईना, बसले. मी रोज दोनदा तिचा ताप बघायची आणि पारा वर चढला नाही की मगच जेवायची.

अकराव्या दिवशी उंद्रीहून आत्या आल्या. माधुरीची आई गेल्यावर तिला आत्यांनीच वाढवलं. "मी काही परकी हाव का वं? पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतो अन् निंगतो." पदर तोंडाला लावून त्या दोनदा खोकल्या. मी ते ऐकलं. तरी बाजूला झाले, कारण उद्या चार माणसांत 'सुनेनं दारातून हाकललं' हे मला ऐकायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी माधुरीला ताप भरला.

संभाजीनगरला नेताना गाडीत ती माझ्या खांद्याला टेकली होती, अंग भाजत होतं. सिंदखेडराजा मागे पडल्यावर तिनं डोळे उघडले. "वहिनी, आत्याले खोकला होता का?"

मी नाही म्हणाले.

"मंग ठीक आहे," म्हणून तिनं डोळे मिटले. डॉक्टर पुढे म्हणाले की अशा रुग्णाला स्वतःच्या पोटातले जंतूही बाधतात, नक्की कशानं झालं ते सांगता येत नाही. त्यांचं खरं असेल. पण तेवढ्यानं मला झोप लागत नाही.

तेराव्यानंतर आत्या एकट्याच आल्या. आता कसली बंदी? मी दार सताड उघडलं, "आत या ना," म्हटलं. त्या ओसरीतच थांबल्या, खिडकीखालच्या खुर्चीवर सावकाश बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"राहू दे वं... माहा खोकला अजून गेला नाही."

मी पाण्याचा तांब्या खिडकीतूनच दिला. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.