माझ्या हातून वाचलेला व्हॉल्व्ह

आत्याचा पोहण्याचा तलाव मी रिकामा केला. मुद्दाम नाही. मुद्दाम करायला गेलो असतो तर जमलं नसतं. "पंपाच्या खोलीत जा आणि गटाराकडे जाणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह बंद आहे का बघून ये," एवढंच ती म्हणाली होती. बघून यायला हवं होतं. पण व्हॉल्व्हचं चाक दिसलं की ते फिरवून बघावं असं कुणालाही वाटतं. ते फिरत गेलं, मीही फिरवत गेलो, आणि शेवटी चाक दांड्यासकट माझ्या हातात आलं. मी ते पुन्हा जागेवर टेकवलं, वरून हलकेच थोपटलं आणि घरी जाऊन जेवलो.

सकाळी पोहायला आलेली आजीबाईंची तुकडी काठावर उभी राहून तळाच्या फरश्या बघत होती.

"नदी आटते, विहीर आटते," त्यांतली एक म्हणाली, "तलावाला काय धाड भरली?"

"भाचा," आत्या म्हणाली.

आत्याला स्वतःला पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की तिला कसंतरीच होतं. तरी अर्धी वस्ती तिच्याकडे पोहायला शिकली. ती काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसते, तोंडात शिट्टी आणि हातात लांब काठी. "पाय मार! रडायचं असेल तर पलीकडे पोचून रड!" माणसं बुडण्यापेक्षा आत्याला जास्त घाबरतात, म्हणून तरंगतात. आजीबाईंवर मात्र तिचा खास जीव. जमिनीवर ज्यांना दोघांनी धरून आणावं लागतं, त्या पाण्यात एकट्या चालतात, आणि चालता चालता सुनांची उणीदुणीही काढतात. त्यांच्यासाठी तिनं उथळ बाजूच्या पायऱ्या फोडून चांगला रुंद उतार करून घेतला होता.

जागा मात्र काकांची, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची. त्यांना तिथे गाड्या उभ्या करायची सोय करायची होती. कोरडा तलाव बघून त्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरल्यासारखा फुलला.

"ताई, रविवारी दुपारपर्यंत यात पाणी दिसलं नाही, तर शिट्टी तुझी आणि जागा माझी."

"आणि दिसलं तर?"

"तर पुन्हा विषय काढणार नाही."

आत्या मला घेऊन तडक व्हॉल्व्हच्या दुकानात गेली. जुन्या पाईपचा तुकडा काउंटरवर ठेवून म्हणाली, "या मापाचा द्या. टिकणारा हवा."

"आमचे सगळेच टिकतात, बाई."

"याच्या हातून टिकणारा," असं म्हणून तिनं मला पुढे ढकललं.

दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे काय करतात?"

"काही करत नाही तोवर बरा असतो."

दुकानदारानं चाकाचा व्हॉल्व्ह काढला. "चाक नको," आत्या म्हणाली, "चाक दिसलं की याच्या अंगात येतं." लोखंडी काढला, तर तलावातल्या औषधानं तो गंजेल म्हणून परत गेला. मग आला प्लास्टिकचा, लाल दांडीचा. "दांडी पाईपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. चुकायला जागाच नाही," दुकानदार म्हणाला.

"जागा तो करून घेतो. फिरव रे."

मी फिरवली. दांडी हातात आली.

दुकानदार आधी गोरामोरा झाला. दुसरा मोडला तेव्हा तो खुर्चीवरून उठला. तिसऱ्याला मात्र त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक दिसली. तो माळ्यावर चढला आणि एक खोकं घेऊन उतरला. "हा घ्या! याचा कंपनीवाला मिशीला फार पीळ देऊन गेलाय. मोडा बरं!"

मोडला.

शेजारचा रंगवाला आला, समोरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन आला. माझ्या अंगच्या गुणांची एवढी कदर आजवर कुणीच केली नव्हती. शेवटी एक करडा, आखूड दांडीचा, ठेंगणा व्हॉल्व्ह पुढे आला. मी दोन्ही हातांनी लोंबकळलो. काउंटरला पाय लावून ओढलं. काउंटर हलला, व्हॉल्व्ह उघडला, बंद झाला, बस्स.

"हाच," आत्या म्हणाली.

प्लंबरनं तो शनिवारी बसवला आणि बजावलं, "सांध्यांना लावलेलं सोल्युशन रात्रभर वाळू द्या. उद्या सकाळी बिनधास्त पाणी सोडा."

रविवारी सकाळी आम्ही पोचलो, तर काका आमच्या आधी हजर. उतारावरून त्यांनी गाडी थेट तलावात उतरवली होती आणि काचा वर करून आत वर्तमानपत्र वाचत बसले होते. काठावर आजीबाई टॉवेल घेऊन उभ्या.

"अहो, टोपी घातल्याशिवाय आत उतरायचं नाही इथे!" एकीनं दम भरला.

काकांनी काच बोटभर खाली केली. "ताई, दुपारपर्यंत मी इथून हलत नाही. सोड आता पाणी, सोडवत असेल तर!" काच वर गेली.

आजीबाई आत्याकडे बघू लागल्या. एकीनं टॉवेलाची घडी घालून पिशवीत ठेवली. आत्या पंपाच्या खोलीत गेली, नव्या व्हॉल्व्हचे सांधे अंगठ्यानं दाबून बघितले, दांडी आडवी आहे याची खात्री केली आणि मोठ्या टाकीचं पाणी सोडलं. पाईप घशात खाकरल्यासारखे खरखरले. खोल बाजूला पाणी कोसळू लागलं आणि हळूहळू वर सरकत गाडीच्या चाकांपाशी येऊन ठेपलं. काकांनी शांतपणे पान उलटलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "आत्या, अगं काका आत बसलेत! त्यांना पोहता येत नाही!"

आत्यानं खुर्ची ओढली, शिट्टी पदराला पुसली आणि म्हणाली, "उथळ बाजूलाच आहे तो."