कडेची जागा अडलेल्याची

खरं सांगायचं तर त्या वर्षी देवीवर माझा राग होता. यांच्या छातीत उन्हाळ्यापासून दुखत होतं. मळ्यात झेंडूला पाणी देताना मध्येच फावडं टेकवून उभे राहायचे आणि विचारलं की म्हणायचे, "पित्त आहे." आमच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासण्या करून घ्या म्हणून बजावलं होतं. पण यांचं एकच उत्तर. आधी फुलांचा हंगाम, मग दसरा, मग चांदवडला रेणुकामातेची ओटी, आणि तपासणी त्यानंतर. मी रोज संध्याकाळी दिवा लावायचे आणि हात जोडून मनातल्या मनात भांडायचे. तुझी ओटी जरा मागाहून भरली असती तर तुझं काय अडलं असतं? यांना सुबुद्धी का देत नाहीस? देवी काही बोलायची नाही. हेही बोलायचे नाहीत. दोघांपुढं मी एकटीच बडबड करत होते.

दसऱ्याची बाजारातली धावपळ संपली आणि कोजागिरी तोंडावर आली, तेव्हा कुठे आम्ही चांदवडला निघालो. व्हॅन धाकट्या दिरांची होती आणि चालवायलाही तेच. भाऊजी एकलहऱ्याला वीजकेंद्रात नोकरीला. तिथं सुरक्षिततेबद्दल जे जे शिकवायचे ते सगळं ते घरी घेऊन यायचे आणि आम्हाला ऐकवायचे. नव्वदच्या दशकातली अखेरची वर्षं होती. मुंबई-आग्रा रस्त्याला तिथं अजून दुभाजक नव्हता. एक गाडी जायची, एक यायची, आणि दोन्ही अंगांना मुरमाची साइडपट्टी. या साइडपट्टीवरून भाऊजींनी मला दिवसभर पिडलं. जाताना एक बाई कडेला सीताफळांची पाटी घेऊन बसलेली दिसली. मी म्हटलं, "भाऊजी, जरा थांबवा." तर म्हणाले, "वहिनी, साइडपट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी असते, नाहीतर पायी जाणाऱ्यांसाठी. सीताफळांसाठी नसते." गाडी थेट पुढच्या पेट्रोल पंपावर नेऊन उभी केली आणि हवं तर चालत मागे जाऊन घेऊन या म्हणाले. त्या उन्हात कोण जाणार? हे मागच्या सीटवर हसत होते. मला मात्र दोघा भावांचा सारखाच संताप आला.

ओटी चांगली भरली गेली. पायऱ्या चढताना हे दोनदा बसले, तरी वर पोचल्यावर चेहरा खुलला होता. परतताना वडाळीभोई मागे पडलं आणि पिंपळगावच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे एक कंटेनर रस्त्यावर आडवा झाला होता. कांद्याचे ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, सगळे एकामागे एक उभे. डाव्या हाताची साइडपट्टी तेवढी मोकळी होती आणि तिच्यावरून एकेक गाडी जाईल एवढी वाट होती म्हणे. मग काय, शहाण्या माणसांची कमी नव्हती. जीप, मोटारी, टेम्पो धुरळा उडवत आमच्या डावीकडून पुढे जायला लागले. मी म्हटलं, "घाला ना आपली पण." भाऊजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "समोरूनही असेच घुसले असतील, वहिनी. तोंडाला तोंड लागलं की कुणीच निघणार नाही." आणि अगदी तसंच झालं. थोड्या वेळात साइडपट्टीही गच्च भरली. भाऊजींचं बरोबर निघालं याचाच मला जास्त राग आला.

तेवढ्यात यांनी माझा हात धरला. हात ओला होता. कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि डाव्या खांद्यापासून कळ येतेय एवढंच कसंबसं बोलले. मी त्यांना आडवं केलं, पदरानं वारा घालायला लागले. पिंपळगावचा दवाखाना पुढे थोड्याच अंतरावर होता, चालत्या गाडीला पोचायला कितीसा वेळ लागला असता! भाऊजी उडी मारून खाली उतरले. सकाळपासून नियम सांगणारा तो माणूस आता साइडपट्टीवरच्या एकेका गाडीच्या काचेवर हात मारत होता. "पेशंट आहे हो, जरा मागे घ्या." पहिला म्हणाला, पुढचा हलला की मी हलतो. दुसरा म्हणाला, मागचा हलला की. तिसऱ्यानं काच वर केली. एकानं तर विचारलं, "तुम्हालाच घाई आहे का?" भाऊजी परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. मी दाराबाहेर तोंड काढून मोठ्यानं ओरडले. माणसांवर नाही, देवीवर. "आत्ताच तुझी ओटी भरून आले ना मी! आता बघत काय बसलीस?" आजूबाजूच्या गाड्यांतले लोक माझ्याकडे पाहायला लागले. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मागच्या एका जीपमधून टाळी ऐकू आली. तृतीयपंथी मंडळी होती, कोजागिरीला सप्तशृंगीच्या गडावर निघालेली. त्यांच्यातली एक उंच, वयस्क, हिरव्या लुगड्यातली, डोक्यावर देवीचा मुखवटा ठेवलेली परडी घेऊन सरळ आमच्या दाराशी आली. ही काही मागायला आली असं वाटून मी म्हटलं, "आत्ता नको हो, घरात दुखणं आहे." घर कसलं, गाडी होती. ती काही मागत नव्हतीच. तिनं वाकून यांच्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला.

"कुठं न्यायचंय?"

"पिंपळगावला. पण हे कुणी हलेनात."

"हलतील," ती म्हणाली. "न हलून सांगतात कुणाला!" मग भाऊजींकडे वळली. "तू गाडी चालू कर, दादा. मी चालते तसं माझ्यामागं ये. हॉर्न वाजवायचा नाय."

तिनं टाळी वाजवली तशा तिच्या साथीदारणी जीपमधून उतरल्या आणि साइडपट्टीवर एकेका गाडीशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊजींची विनवणी ज्यांनी ऐकली नव्हती, ते आता खिडकीत डोकावलेल्या परडीतल्या देवीला नाही कसं म्हणणार? "तुझी गाडी बंद पडली का?" ती एकाला विचारत होती. तो नाही म्हणाला. "पाय मोडला? पोटात कळ आली?" नाही. "मग इथं काय करतोस? कडेची जागा अडलेल्याची हाय. तू अडलेला नाय, तू नुसता खोळंबलेला हाय. घे आत." बाजूच्या ट्रकवाल्याला तिनं हात दाखवला, त्यानं दोन हात पुढे सरकून फट केली आणि तो टेम्पो रांगेत शिरला. काही गाड्या ढाब्याच्या अंगणात वळवल्या. कुणी कुरकुरला की बाकीच्या जणी मिळून टाळ्या वाजवायच्या आणि तो लाजून गाडी मागे घ्यायचा. यात काही चमत्कार नव्हता. धूळ होती, शिव्या होत्या, एका जीपवाल्याशी चांगलं कडाक्याचं भांडण झालं. पण वाट होत गेली.

आमची व्हॅन तिच्यामागे पावलापावलानं चालली होती. पुढे तिची पाठ, डोक्यावरची परडी आणि मुरमात रुतणारे अनवाणी पाय. ही एवढी हळू काय चालतेय म्हणून आधी माझा जीव वरखाली होत होता. दोनदा मी भाऊजींना म्हटलं, पुढे काढा. पण पुढे काढायला जागाच नव्हती. मग माझी मीच गप्प झाले. आता माझ्या हातात काही नाही, हे मला कुठेतरी पटलं. यांचा हात धरून मी त्या पाठीकडे बघत राहिले. उन्हाळ्यापासून माझ्या डोक्यात जे भांडण चालू होतं ते तेवढ्या अंतरात थांबलं. देवीनं काही उत्तर दिलं असं मी म्हणणार नाही. मीच विचारायची थांबले.

कंटेनरपाशी समोरून घुसलेल्या गाड्याही तिनं मागे लोटल्या. वाट मोकळी झाली तशी ती बाजूला सरली, परडीतलं कुंकू यांच्या कपाळाला लावलं आणि गाडीच्या टपावर थाप मारली. "जा आता. मागं बघू नको." तिची स्वतःची जीप त्या सगळ्या गर्दीत मागेच अडकलेली होती. मला नाव विचारायचंही सुचलं नाही.

पिंपळगावच्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, सोबत माणूस देऊन नाशिकला पाठवलं. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, एवढंच ते बोलले. पुढे ज्या तपासण्या टाळल्या होत्या त्या सगळ्या झाल्या, ऑपरेशनही झालं. हे बरे झाले आणि पूर्वीइतकेच हट्टी राहिले.

पुढच्या कोजागिरीला मी हट्टानं गडावर गेले. हे सोबत होते आणि गर्दीबद्दल वाटभर कुरकुरत होते. मला वाटलं होतं, दिसली की ओळखीन. पण तिथं हिरवी लुगडी आणि डोक्यावरच्या परड्या शेकड्यानं होत्या. मी किती जणींच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, दोघींना विचारलंसुद्धा. शेवटी पायऱ्यांशी टेकलेल्या एका उंच, वयस्क जणीपुढे बसले आणि खण-नारळ काढला. मी का आले ते तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाई, ती मी नाय. आम्ही पुण्याकडून येतो. त्या रस्त्यानं कधी आलेच नाय."

"नसाल," मी म्हटलं. "तरी पदर पसरा."

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि पदर पसरला.