विलायती कोटाविरुद्ध नाच

सख्ख्या भावाने तत्त्वाशी दगा केला, तर तुम्ही नाचाल का? मी नाचले आहे. अमरावतीत, आमच्याच अंगणात, भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी.

आदल्या वर्षी विलायती कापडाच्या होळीत दादाने माझं आवडतं गुलाबी पोलकं टाकलं होतं. "रडतं काहून? देशासाठी गेलं ते," म्हणाला. मी डोळे पुसले, पत्रकं पाठ केली आणि जाडीभरडी खादी अंगाला टोचवत वर्ष काढलं. आणि लग्न ठरताच अकोल्याच्या सासऱ्याने पाठवलेला विलायती कोट दादाने अंगात चढवला!

"दादा, काढ तो कोट."

"सोयऱ्यायचं मन मोडू काय, बाई?"

(माझं मोडलं तरी चालत होतं.)

पाहुण्यांपुढे भाषण करायला आईची बंदी होती. नाचायला नव्हती. मी शेजारून ग्रामोफोन आणला, तेव्हा घरोघरी वाजणारं एक विरहाचं पद निवडलं आणि त्यावर नाच बसवला. आधी विश्वास, मग होळी, शेवटी दगा. दादाने लाजून सर्वांदेखत कोट उतरवावा, एवढीच मागणी.

दादाची अकोल्याची होणारी सासू सतरंजीवर बसली होती, दादा कोटासकट ओसरीवर. भुलाबाईची गाणी संपली. यानंतर झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, आणि ओळखेल त्याला पहिला वाटा, अशी आमच्याकडची रीत. मी नेमकी तेव्हाच नाचायला उठले.

मी होळीच्या ज्वाळा दाखवल्या.

"तळलेलं हाय काही," सासूबाई म्हणाल्या.

मी मुठी आवळल्या.

"लाडू! वळून राहिली पाहा पोरगी."

"लाडू तळते काय कोणी, विहीणबाई?" शेजारची काकू म्हणाली. "शेव असंन."

मी संतापून दादाच्या कोटाकडे बोट रोखलं.

"जवाईबापूच्या खिशात लपवली वाटते," सासूबाई म्हणाल्या. दादाने खिसे उलटे करून दाखवले.

आता धिक्कार! मी त्याच्याकडे पाठ फिरवली, कमरेत अर्धगोल वाकले आणि तशीच थिजले.

दादा शांतपणे म्हणाला, "करंजी."

डबा उघडला. करंजीच होती. टाळ्या पडल्या आणि पहिला वाटा दगाबाजाला मिळाला. "लग्नातही हाच नाच ठेवजो वो बाई," सासूबाईंनी आईला बजावलं. लग्न त्याच कोटात लागलं.

दादा आता अकोल्याला असतो. आश्विन आला की ते अंगण आठवतं, त्याचं तुपकट हसूही आठवतं, आणि राग काही केल्या पुरता येत नाही.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. घरातल्या मुलीला भांडायचं असेल, तर तिला तोंडाने भांडू द्या. नाहीतर निदान खिरापत आधी वाटून टाका.