पाठराखीण वेगळ्या गाडीनं

अंजनगाव सुर्जीत माझा धाकटा चुलतभाऊ इंटरनेट पुरवतो. आधी तो केबल टीव्ही पुरवायचा. लोक टीव्ही सोडून मोबाइल पाहू लागले, तेव्हा त्यानेही तारेतला माल बदलला. हा माल अकोल्याहून येतो, अकोट रोडच्या खांबांवरून. तार तुटली की त्याच्या सगळ्या ग्राहकांचे नेट जाते. तुटायला कारणे पुष्कळ असतात: माकडे, कापसाने लादलेले ट्रॅक्टर, रस्त्याचे रुंदीकरण आणि पुन्हा माकडे.

त्याचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणजे गावातले संगणक परीक्षा केंद्र. केंद्राच्या संचालकांना सगळे ‘सर’ म्हणतात. एका सकाळी सर ऑफिसात आले आणि खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले.

“मागच्या पेपरले पोट्टे भिताडाकडं पाहत बसले,” ते म्हणाले. “पुढच्या पेपराच्या आधी मले दाखवून दे, का तुही तार तुटली तरी नेट चालते. नाही तं मी मोठ्या कंपनीचं घेतो.”

सर गेले असते तर बाजारपेठही त्यांच्यामागे गेली असती. मग भावाकडे उरला असता घरचा पानमळा. नागवेलीखाली वाकून पाने खुडण्याला कंटाळूनच तो तारांच्या धंद्यात आला होता. परत वाकायची त्याची तयारी नव्हती.

त्याने दुसरी तार घ्यायचे ठरवले. ही अमरावतीहून, परतवाड्याच्या बाजूने येणार होती. अकोल्याची पश्चिमेकडून, अमरावतीची पूर्वेकडून. एक झोपली तर दुसरी जागी.

नुसती तार आणून भागत नाही. ज्या पेटीतून गावाचे नेट वाटले जाते, तिला दोन्ही वाटा शिकवाव्या लागतात. शिवाय बाहेरच्या जगालाही कळवावे लागते की अंजनगावला यायचे तर अकोल्यावरून या, आणि अकोला बंद असेल तर अमरावतीवरून या. हे कळवले नाही तर गावातला माणूस हाक मारतो आणि उत्तर बंद रस्त्यावर उभे राहते.

मी अमरावतीच्या एका दैनिकात बरीच वर्षे बातम्या तपासल्या. त्यामुळे ग्राहकांसाठी सूचना लिहायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, ‘ग्राहकांसाठी पर्यायी मार्गाची व्यवस्था.’

भावाने कागद परत दिला. “दादा, पर्यायी मार्ग नको. तो बोर्ड दिसला का लोक गाडी वापस फिरवतात.”

काकू, म्हणजे त्याची आई, तिथेच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. “दुसरी तार कायले पायजे? एक हाय ना.”

“माय, पहिली पडली तं सांभाळाले.”

“मंग पाठराखीन म्हण ना! पोरगी पहिल्यांदा सासरी जाते, तवा संगं धाडतो तशी.”

सूचना तशीच छापली गेली: ‘आपल्या सेवेत आता पाठराखीण.’ मथळ्यात काही दोष काढता आला नाही.

तार जोडायचा दिवस आला तेव्हा अमरावतीच्या कंपनीचे अभियंते फोनवर अडून बसले. पेटीत अकोला पहिला आणि अमरावती दुसरी, हे त्यांना मान्य नव्हते.

“विभागाचं ठिकाण अमरावती हाय. अकोला आमच्या विभागात येते. मंग आमी दुय्यम काहून?”

“सायेब, पाठराखीनीचा मान नवरीपेक्षा मोठा असते,” भाऊ म्हणाला. “तिले साडी येगळी भेटते.”

साडीचे ऐकून ते राजी झाले. नंतर जोडणी झाली.

भावाने ऑफिसातच चाचणी घेतली. पेटीतून अकोल्याच्या तारेची दोरी उपसली. एक हिरवा दिवा विझला, दुसरा तेवत राहिला आणि मोबाइलवरचा व्हिडिओ क्षणभर अडखळून पुढे चालू लागला. त्याने दोरी परत खोचली, पेटीला हळदकुंकू लावले आणि सरांना चहाला बोलावले.

सर आले. या वेळी बसले. कप हातात घेऊन म्हणाले, “हं, तोड आता.”

भावाने बाही सारली आणि हात पुढे केला. हात पोचायच्या आधीच दोन्ही दिवे विझले.

“मी अजून हातच नाही लावला!”

“लावू नको,” सर म्हणाले. “मले दिसलं.”

बाहेरून डीजेचा आवाज येत होता. आम्ही तिघे त्या दिशेने चालत निघालो. अकोट रोडच्या तोंडाशी वरात अडकलेली होती. ध्वनिवर्धकांची चळत लादलेल्या गाडीच्या टपावर एक माणूस बांबू घेऊन उभा होता. आडव्या तारा बांबूने वर उचलायच्या आणि गाडी खालून काढायची, हे त्याचे काम. प्रत्यक्षदर्शींच्या म्हणण्यानुसार त्याने तार व्यवस्थित उचलली होती. पण नेमके तेव्हाच त्याच्या आवडीचे गाणे लागले आणि तो बांबूसकट नाचला.

बांबूला दोन तारा गुंडाळलेल्या होत्या. अकोल्याची काळी आणि अमरावतीची निळी. दोघी काळ्या चिकटपट्टीने टप्प्याटप्प्यावर एकमेकींना बांधलेल्या होत्या.

“निळी इकडं कशी?” भाऊ ओरडला. “ती तं परतवाड्याकडून येते!”

नवी तार ओढणारा भावाचा लाइनमन वरातीतच होता. फेटा सावरत पुढे आला. तार पूर्वेकडून आली हे खरे, पण त्याने ती गावाला वळसा घालून पश्चिमेला नेली होती. तिथे काळीला गाठून दोघींना ऑफिसापर्यंत सोबत आणले होते. वळशासाठी त्याला जास्त राबावे लागले होते, हेही त्याने सांगितले.

“अबे, पण काहून?”

“भाऊ, तुमीच छापलं ना पाठराखीन म्हणून? पाठराखीन नवरीच्या गाडीत बसते. का येगळ्या यष्टीनं येते?”

डीजे एव्हाना बंद पडला होता, त्यामुळे वरातीतल्या सगळ्यांनी ते ऐकले आणि मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवानेही मान डोलावली.

भावाने सरांकडे पाहिले. सर तारेची गाठ निरखत होते.

“उत्तर साफ चुकलं,” ते म्हणाले. “पण रीत बरोबर हाय. रीतीचे मार्क भेटतात. पेपराच्या आधी मी आखरी वेळ येतो. तवा नाही जमलं तं राम राम.”

तुटलेल्या जागी अकोल्याची तार जोडून गावाचे नेट परत आले. निळीला मात्र आता वेगळी वाट हवी होती. पूर्वेकडून ऑफिसापर्यंत थेट येणारी, मध्ये वरात न लागणारी वाट एकच होती: काकूच्या पानमळ्यातून. काकूने परवानगी दिली, मात्र मळ्यातली रीत सोडू दिली नाही. पानमळ्यात चप्पल घालून कोणी जात नाही. लाइनमन अनवाणी पुढे, तारेचे वेटोळे खांद्यावर घेऊन भाऊ अनवाणी मागे. वेल खाली आलेले असल्याने दोघांना शेवटपर्यंत वाकून चालावे लागले. काकू बांधावरून म्हणाली, “चाललाच हायस तं खालचे पिवळे पानं खुडत ये.” त्याने खुडली.

सर ठरल्याप्रमाणे आले. भावाने पुढे केलेला मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांनी नाकारला. “चालतं-बोलतं माणूस दाखव.”

काकू ऑफिसातच होती, आपल्या मुलीशी व्हिडिओवर बोलत. मुलगी अकोल्याला जुन्या शहरात दिलेली. काकू बोलत असताना मध्ये कोणी थांबवलेले तिला चालत नाही, तेव्हा यापेक्षा कडक चाचणी गावात मिळाली नसती.

“खरं सांग, सासूसंगं भांडली का?” काकू विचारत होती.

सरांनी स्वतः अकोल्याची दोरी उपसली.

पडद्यावर मुलगी तोंड अर्धे उघडे ठेवून थिजली. लाइनमनने डोळे मिटले.

“पाय, कशी गप झाली!” काकू म्हणाली. “म्हणजे भांडलीच.”

चित्र हलले. “नाही व माय! सांगून तं राहिली, नाही भांडली!”

“मंग थांबली काऊन?”

“मी कुठं थांबली?”

“मी काय आंधळी हाओ?”

खोलीतल्या सगळ्यांना कारण माहीत होते. कोणीही सांगितले नाही. मायलेकींचे भांडण अमरावतीमार्गे सुरळीत चालू राहिले, एक शब्दही न गाळता. सर ते पूर्ण ऐकत उभे राहिले, मग दोरी जागच्या जागी खोचून म्हणाले, “पेपर तुह्याच नेटवर घेतो.”

दारात ते लाइनमनपाशी थांबले.

“पाठराखीन कशी आली?”

“येगळ्या गाडीनं, सर.”

“आन चपला?”

“बाहेर काढून.”