दांडीखालची बोटं

रक्त द्यायला जायचं असलं की आदल्या दिवशी वेंडेल निएमी सकाळपासून पाणी पीत सुटायचा. काचेचा जग भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. बायको, लोर्ना, असती तर म्हणाली असती, "अरे, मासा झालास का काय?" पण लोर्ना जाऊन चार वर्षं झाली होती. आता जगच्या शेजारी एकच पेला पालथा असायचा.

डुलुथ शहरातल्या रक्तकेंद्रात वेंडेलचं नाव नेहमीच्या दात्यांमध्ये होतं. चर्चमधल्या बायका त्याचं कौतुक करायच्या. ॲरिझोनात राहणारी मुलगी, कॅरिन, मैत्रिणींना सांगायची की बाबा साठीनंतरही रक्त देतात. खरं तर वेंडेल रक्त देत नव्हता, टाकून येत होता. दर आठवड्याला मांडीत टोचून घेतलेल्या, ताकद वाढवायच्या औषधाने त्याचं रक्त दाट व्हायचं. मग डोकं जड व्हायचं, मान तांबडी दिसायची. व्यायामशाळेतल्या म्हाताऱ्यांनी त्यावर आपसांतच इलाज ठरवून टाकला होता. जा, एक पिशवी देऊन ये, हलकं वाटेल. सगळेच जात. डॉक्टरांनी न दिलेलं काही टोचून घेता का, असं तिथे विचारत, आणि सगळेच मान हलवून नाही म्हणत.

ही व्यायामशाळा पूर्वी गालिच्यांचं दुकान होती. छताला अजून आकडे होते. कागद गिरणीतून निवृत्त झाल्यावर आणि लोर्नाला पोचवून आल्यावर वेंडेल तिथे गेला, तो केवळ दुपार संपत नव्हती म्हणून. पहिल्या महिन्यात त्याला जिना उतरता येईना इतकं अंग दुखलं. एकदा वजन उचलायचं आणि पाच दिवस विव्हळत बसायचं. बॉईड त्याच्याकडे बघून हसला. बॉईड त्याच्याच वयाचा, एके काळचा बोटीवरचा खलाशी, दंड डुकराच्या मांडीएवढे.

"वेंडेल, तुझं इंजिन ठीक आहे रे. तेल संपलंय."

"आणि तेल कुठे मिळतं?"

"माझ्या गाडीत," बॉईड म्हणाला.

तेल पडल्यावर काय झालं ते वेंडेलने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं माणूसच नव्हतं. आज मोडून पडलेलं अंग उद्या नीट व्हायला लागलं. झोप पोरासारखी लागू लागली. शर्टांच्या शिवणी उसवल्या. सुया त्याने लोर्नाच्या शिवणाच्या कपाटात ठेवल्या, बटणांच्या खणात. दुसरीकडे कुठे ठेवाव्यात हे त्याला सुचलं नाही. आणि तसंही तो खण आता कोण उघडणार होतं?

पण त्याला खरी ओढ होती ती शनिवार सकाळची. बाकावर उताणं पडून जड वजन उचलायचं असलं की तिथे मागे कुणीतरी उभं राहायचं. लोखंडी दांडीला हात न लावता, फक्त बोटं खाली धरून. माणूस अडकला तर उचलायला. वजन जितकं जड, तितकी गर्दी. वेंडेलच्या दांडीवर दोन्ही बाजूंना तीन-तीन मोठ्या चकत्या चढायला लागल्यावर लोक आपलं आपलं सोडून यायचे. कुणी ओरडायचं, "उचल, हलकट म्हाताऱ्या, बायका बघतायत!" बाई एकही नसायची. वजन वर गेलं की पाठीवर थापा पडायच्या. आठवड्यात त्याच्या अंगाला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच.

दुसरी ओढ रक्तकेंद्रातल्या टेबलाची. रक्त दिल्यावर तिथे पाव तास बसावंच लागे, चक्कर येऊ नये म्हणून. टेबल मर्ना सांभाळायची. सत्तरीची, स्वेटरवर हरणं विणलेली, बोलघेवडी. वेंडेल दिसला की ती मनुक्यांची बिस्किटं वेगळी काढून ठेवायची.

"बसा. अजून पाच मिनिटं झाली नाहीत. मी घड्याळ बघतेय."

"ठणठणीत आहे मी."

"सगळे पुरुष पडायच्या आधी हेच म्हणतात."

मग ती बर्फाबद्दल, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल, जंगली तांदळाचं सूप कसं बिघडलं त्याबद्दल बोलायची. वेंडेल बिस्किट हळूहळू खायचा.

त्या फेब्रुवारीत नर्सने बोट टोचलं, यंत्रात बघितलं, आणि दुसरं बोट मागितलं. मग दार लोटून खुर्ची जवळ ओढली.

"मिस्टर निएमी, तुमचं रक्त आमच्या मर्यादेच्या वर गेलंय. आज घेता येणार नाही. इतकं दाट रक्त म्हणजे गुठळी होऊ शकते, झटका येऊ शकतो. तुम्ही काही घेता का?"

"पाणी कमी पडलं असेल," वेंडेल म्हणाला.

"आजच डॉक्टरांकडे जा," ती म्हणाली. पुन्हा विचारलं नाही.

बाहेर मर्नाने बशी पुढे केली आणि त्याच्या कोपराकडे बघितलं. "पट्टी कुठाय?"

"घेतलं नाही आज. जास्त निघालं."

"जास्त आहे म्हणून कुणी नको म्हणतं का? बसा तर खरं."

तो बसला. पण तेवढ्यात पट्टी बांधलेला एक मुलगा पांढराफटक चेहरा घेऊन आला, आणि मर्ना खुर्चीसाठी इकडेतिकडे बघू लागली. वेंडेल उठला. "इथे बस, बाळा," म्हणाला आणि कोट घातला. बिस्किट न खाताच खिशात टाकलं.

बॉईडला ऐकून काहीच वाटलं नाही. "एवढंच ना? घरी काढ. मी तीन वर्षं घरीच काढतोय. सगळं सामान देतो."

"आणि रक्ताचं काय करायचं?"

"मोरीत! नाहीतर काय लोणचं घालणार?" बॉईड हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "टोचणं बंद करायचा विचार करू नकोस हं. मी एकदा केला होता. सहा महिने रडत होतो, टीव्हीवरच्या जाहिराती बघून. हात पोळीसारखे झाले होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेंडेलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बॉईडची पिशवी रिकामी केली. नळी, सुई, रबरी पट्टा. मोरी लोर्नाने निवडलेली होती, पांढरी, डाग दिसेल म्हणून तो भांडला होता. त्याने मोरी पुसून घेतली. खुर्ची मोरीजवळ आणली. बाही वर केली. नंतर पाव तास बसावं लागेल, हे लक्षात येऊन त्याने बशीत दोन बिस्किटं काढली आणि रसाचा पेला भरून ठेवला.

मग तो त्या बशीकडे बघत बसला. स्वतःच बिस्किटं मांडायची, स्वतःच घड्याळ बघायचं. आणि चक्कर आलीच, तर लोर्नाच्या फरशीवर कॅरिनच्या रविवारच्या फोनपर्यंत पडून राहायचं. ती म्हणेल, बाबा बाहेर गेले असतील. आणि पुढच्या रविवारी करेल.

त्याने बाही खाली केली. बिस्किटं डब्यात परत टाकली आणि गाडी काढून दवाखान्यात गेला. तिथे पहिल्यांदाच त्याने खरं सांगितलं. डॉक्टरीण बाई तरुण होती, रागावली नाही. रक्त तिथेच काढलं. औषध तिच्या देखरेखीखाली कमी करत न्यायचं ठरलं. "पण ताकद उतरेल. मन उदास होईल," ती म्हणाली. "घरी कोण आहे?"

"आहेत," वेंडेल म्हणाला. ही त्याची शेवटची थाप.

ताकद उतरली. बर्फ वितळेपर्यंत शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. एकदा अंग दुखलं की चार दिवस दुखायचं. सकाळी तो पलंगाच्या काठावर बसून मोज्यांकडे बघत राहायचा. शनिवारी मात्र जायचा. दांडीवरच्या चकत्या कमी होत गेल्या तशी बाकाभोवतीची गर्दीही पांगली. कुणी वाईट बोललं नाही. एवढ्या वजनाला मागे उभं राहायची गरजच नव्हती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सगळे पलीकडच्या बाकाभोवती जमले होते. एक नवा, पन्नाशीचा, लाल मानेचा गडी वजन चढवत होता. वेंडेलने आपल्या दांडीवर दोन्हीकडे एकेकच चकती लावली. असलं वजन तो एकटा सहज उचलू शकला असता. तो उताणा पडला, दांडी धरली. वर गालिच्यांचे आकडे दिसत होते.

"बॉईड," त्याने हाक मारली. "मागे उभा राहतोस का?"

"एवढ्याला?" पलीकडून आवाज आला. कुणीतरी हसलं.

"एवढ्याला."

बॉईड लगेच आला नाही. त्या गड्याचा डाव पुरा होऊ दिला, पाठीवर थाप दिली. वेंडेल दांडी धरून तसाच पडून राहिला. मग बॉईडचं उलटं तोंड वर दिसलं.

"चल, उचल, म्हाताऱ्या."

त्याची नजर पलीकडच्या बाकावर होती, तिथे अजून चकत्या चढत होत्या. पण बोटं दांडीखाली होती. वेंडेलने वजन उचललं, सावकाश खाली घेतलं, आणि मुद्दामच जरा वेळ छातीवर थांबवलं.