दहापैकी सहा

कॉलेजात त्याला सगळे मामा म्हणत. हुद्दा शिपायाचा, पण फिजिओथेरपी विभागात त्याच्याशिवाय पान हलत नसे. शेवटच्या वर्षाच्या पोरांना संशोधनासाठी पेशंट लागायचे, आणि पेशंट काय झाडाला लागतात? पोरं मामाला गाठायची. "मामा, तीस कंबरा द्या हो!" मामा बाहेरच्या बाकांवर नुसती नजर टाकून दुखरी कंबर ओळखायचा.

खरी गोम फॉर्ममध्ये होती. दुखणं दहापैकी किती? चार ते सात सांगणाराच अभ्यासात बसे. कमी असलं तर घरी, सातच्या वर गेलं तर मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीला. म्हणून मामा दारातच पढवून ठेवायचा, "हे बघा काका, विव्हळायचं नाही. सहा सांगा. रोज फुकट उपचार, रांग नाही की काही नाही." बिचारे सांगायचे सहा. पोरं पास व्हायची आणि मामाची कॉलर ताठ.

त्या वर्षी एका पोरीचं गाडं एकोणतिसावर अडलं. नावं भरायला चार दिवस उरलेले, पोरगी जिन्यात बसून मुळूमुळू रडत होती. इकडे मामाची बायको महिनाभर भिंत धरून चालत होती. तपासणीची रांग बघूनच तिने हाय खाल्ली होती. मामाला वाटलं, पोरीचंही भागेल, हिचंही.

"अहो, पण मला खरंच दहा दुखतंय," पायऱ्या चढताना ती म्हणाली.

"दहा म्हणालीस तर बाहेर काढतील. सहा सांग. मी पोरीला शब्द दिलाय."

तिने सांगितलं सहा. आणि पुढे सहा आठवडे निभावलं त्या बाईने! व्यायाम करताना ओठ चावायची. पोरगी विचारायची, "मामी, आज किती?" ही म्हणायची, "पाच." पोरगी खूश होऊन लिहून घ्यायची. दारात उभ्या मामालाही ते खरंच वाटायला लागलं. घरी ती कूस बदलताना कळवळली की हा शहाणा म्हणायचा, "अगं, उतार पडतोय ना? मग?"

पोरीचा अभ्यास पुरा झाला, विभागात टाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात मामी भांडी घासता घासता खाली बसली ती उठलीच नाही. पाय गेले. तपासणीत मणक्यात गाठ निघाली, चांगली फोफावलेली.

"पहिल्याच दिवशी माझ्याकडे का नाही पाठवलं?" मोठे डॉक्टर कागद चाळत ओरडले. "तेव्हा काहीतरी करता आलं असतं. आणि इथे तर सहा, पाच, चार! हे सांगितलं कुणी?"

मामा खाटेच्या पलीकडे उभा होता.

डॉक्टर खाटेवर वाकले. "बाई, आता खरं सांगा. दहापैकी किती दुखतंय?"

तिने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. मान वळवून नवऱ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अहो, किती सांगू?"