पायाळूच्या कमरेत उसण

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्या पारनेर तालुक्यात सगळे मानतात. त्यामुळं मला कळायला लागल्यापासून लोकांच्या पाठी माझ्या पायाखाली आल्या. हमाल यायचे, गुरुजी यायचे, एकदा तर सोसायटीचे चेअरमन आले. ओट्यावर पालथं पडायचे आणि म्हणायचे, "लाव गं पोरी पाय." मीही लावायचे. पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ गडगडलं की मला घरात कोंडायचे, तेवढाच काय तो तोटा.

सासरी आल्यावरही रांग थांबली नाही. अख्ख्या आळीची कंबर माझ्या टाचेला ओळखत होती. पाय घेतला नाही तो फक्त सासूनं. तिला आम्ही आत्याबाई म्हणतो. "सुनंचा पाय लावून घ्यायचा? त्यापरीस वाकडी बरी," असं ती म्हणायची, आणि ती खरोखरच वाकडी होती. चालताना एक हात कमरेवर. तिच्या वयाच्या आळीतल्या बहुतेक बाया तशाच चालतात आणि त्याला म्हातारपण म्हणतात. त्यांच्याच वयाचे बाप्ये मात्र पारावर ताठ बसलेले. ते बघून माझं डोकं फिरायचं. मला तसं व्हायचं नव्हतं. पण व्हायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते ठाऊक नव्हतं.

मग माझीच पाळी आली. उन्हाळी कांदा चाळीत भरायचं काम चालू होतं. चाळ म्हणजे वारा खेळावा म्हणून जाळी मारून केलेली लांबलचक खोली. सासरे, म्हणजे मामा, लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. आमच्यात सासऱ्यापुढं सुनेचा डोक्यावरचा पदर ढळता कामा नये, आणि पाय फाकवून बसायचं तर नावच काढू नका. म्हणून आम्ही बाया ओझं कसं उचलायचो? पाय जुळवायचे, गुडघे ताठ ठेवायचे, कमरेतून वाकायचं, एका हातानं पदर धरायचा आणि उरलेल्या हातानं क्रेट ओढायचा. आमच्या आया तशाच उचलत आल्या, आम्हीही उचलत होतो.

त्या दिवशी वारं होतं. क्रेट उचलून चाळीकडं वळले आणि पदर उडाला. एक हात आपसूक डोक्याकडं गेला, सगळं वजन दुसऱ्या हातावर आलं, आणि कमरेत कट्कन झालं. क्रेट पडला. कांदे गडगडत पार मामांच्या खुर्चीपाशी गेले. मी चाळीच्या दारात गुरासारखी चार पायांवर, हलता येईना. आत्याबाई कमरेवर हात ठेवून लगबगीनं आल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी माझ्या डोक्यावर पदर ओढला.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी. लोकांना माझ्या दुखण्याचं वाईट वाटायचं सोडून हसूच जास्त.

"पायाळूला कुठं उसण भरती व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "कामाचा कटाळा आलाय, दुसरं काय न्हाई."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मला कूस वळता येत नव्हती आणि ही म्हणे कंटाळा. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. नवऱ्याला कळवळा आला, नाही असं नाही. तो म्हणाला, "शेजारच्या गावात एक पैलवान हाय पायाळू. त्याला गाडीवर आनतो. एक लाथ मारंल, मोकळी व्हशील."

"माज्या पाठीवर कुनाचा पाय पडायचा न्हाई," मी पडल्या पडल्या सांगितलं. "मी लई पाठींवर पाय ठिवलाय. त्यानं काय हुतं ते मलाच ठाऊक. मला नगरला न्या."

आणि मला खरंच ठाऊक होतं. ज्यांची उसण उतरायची ती चार-आठ दिवसांत आपोआप उतरायचीच, मान फुकटचा माझ्या पायाला मिळायचा. ज्यांची उतरायची नाही ते गुपचूप दवाखाना गाठायचे, आणि तेवढं सांगायला परत कुणी येत नसे.

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, तरी कंडक्टर नगरच ओरडतो. तिथं डॉक्टरांनी तपासून एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडं पाठवलं. माझ्या लेकीच्या वयाची असेल. तिनं आधी विचारलं, पायात बधिरपणा आहे का? पायाची ताकद गेल्यासारखी वाटते का? लघवी अडते किंवा नकळत होते का? यातलं काही झालं तर घरी एक घटकाही थांबायचं नाही, थेट मोठा दवाखाना. मला तसं काही नव्हतं. ती म्हणाली, कमरेचे स्नायू दुखावलेत, मणक्यांमधल्या गादीवरही ताण आलाय, काही आठवड्यांत बरं होईल. पण अंथरुणाला खिळून राहू नका. शेक घ्या, सोसेल तसं चाला, कंबर जितकी आखडून ठेवाल तितकी ती आखडेल.

जरा बरं वाटल्यावर परत गेले तेव्हा तिनं एक रिकामं खोकं पुढं ठेवलं आणि म्हणाली, "काकू, रोज कसं उचलता ते दाखवा."

मी वाकले. माझा डावा हात डोक्यावर गेला.

"हा हात वर कशाला?"

तिथं ना सासरा होता, ना लिंब, ना वारं. तरी हात गेलाच. मला रडू आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं, रागाचं होतं. माझ्या कमरेची वाट कशानं लागली ते मला त्या खोलीत कळलं.

मग तिनं शिकवलं. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवा. पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत खाली बसा. ओझं दोन्ही हातांनी पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचं झालं तर कमरेला पीळ न देता पावलं टाकून वळा. पेलत नसेल तर क्रेट अर्धाच भरा, नाहीतर दुसरीला हाक मारा. यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते लिंबाखालच्या खुर्चीपुढं करणं.

पुढच्या हंगामात मी ते केलं. पदर कमरेला खोचला, पाय फाकवले, खाली बसले आणि क्रेट पोटाशी धरून उठले. मामा खोकले. मग त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

"लाज सोडली हिनं!" आत्याबाई ओरडल्या. "सासऱ्यापुढं फेंगडी बसती!"

"लाज सांभाळत बसले तर कंबर ऱ्हात न्हाई, आत्याबाई."

नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "जरा दमानं घे." मी म्हटलं, "खुर्ची हलवा. मी न्हाई हलायची." हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून मी दिवसभर तसंच उचललं. शेजारणींनी आधी तोंडाला पदर लावला. मामा चहाला उठून गेले तशी त्यातल्या एकीनं तोच पदर कमरेला खोचला. उसणवाल्यांना पाय लावायचंही मी बंद केलं. आता ओट्यावर येईल त्याला पालथं पडू देत नाही, बसून उचलायला लावते. काही जण रुसले. माझ्या पायातला गुण गेला म्हणतात. जाऊ दे गेला तर.

यंदा एका सकाळी आत्याबाई दुधाचा कॅन उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. वरही येता येईना. मी आणि नवऱ्यानं धरून ओट्यावर आणलं, तर त्या आपणहून पालथ्या पडल्या.

"लाव," त्या म्हणाल्या. "लाव पाय."

खोटं कशाला बोलू, माझा पाय शिवशिवला. मला उसण भरली तेव्हा कामाचा कंटाळा म्हणाल्या होत्या. पण त्यांची ती वाकलेली, झिजलेली पाठ समोर बघितली आणि माझा राग त्यांच्यावर राहिला नाही. मी शेजारी बसून नुसता हात ठेवला.

"पाय न्हाई लावायची. नगरला जाऊ. तुमच्या वयात हाड बी चिरू शकतं, फोटो काढावा लागंल."

हाड शाबूत निघालं. शेक झाला, अंगणातल्या फेऱ्या झाल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून, मला शिव्या घालत त्या चालल्या. एका मोठ्या कॅनचे मी दोन छोटे केले.

परवा दुधाचा टेम्पो यायच्या वेळी मी कॅन घ्यायला गेले, तर आत्याबाईंनी मला हातानंच मागं सारलं. त्यांनी लिंबाखाली बघितलं. मामा चहा पीत होते. आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला, पाय फाकवले आणि मामांच्या देखत खाली बसल्या. मामांचा कप ओठापाशीच थांबला.

"आवं, बघताय काय?" त्या कॅन पोटाशी धरून उठता उठता म्हणाल्या. "दुसरा कॅन तुमी उचला."

मामा उठले. आले. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकले.

"तसं न्हाई!" आत्याबाईंचा आवाज फाटकापर्यंत गेला. "पाय फाकवा. आन् खाली बसा आधी!"

मामा बसले.